सुट्टीत कॅल्क्युलसची तयारी : डेरिव्हेटिव्हला हात लावण्याआधी काय पक्कं करायचं

पुढच्या वर्षी प्रगत कॅल्क्युलसचा वर्ग आहे म्हटल्यावर बहुतेक विद्यार्थी सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात डेरिव्हेटिव्हचे (फंक्शन किती वेगाने बदलतंय ते सांगणारी राशी) नियम पाठ करायला घेतात. पॉवर रूल, प्रॉडक्ट रूल, चेन रूल भराभर होतात, हुरूप येतो, आणि वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात गाडी अडते. ती डेरिव्हेटिव्हवर अडत नाही. तो बरोबर काढलेला असतो. त्यातून आलेली पदावली शून्याबरोबर लिहून सोडवताना कंस चुकतो, करणी छेदात अडकून बसते, साइनने भागल्यामुळे दोन उत्तरं हरवतात. पेपरात गुण जातात ते बहुतांशी या मागच्या इयत्तांच्या गणितावर.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी बीजगणित, मग फंक्शन, मग त्रिकोणमिती आणि लॉग, आणि अगदी शेवटी लिमिट (चल एखाद्या संख्येजवळ नेला की फंक्शनची किंमत कुठे जाते ते). आठ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज ५० मिनिटं धरली तर ४० बैठका होतात. वाटणी अशी : चाचणीला १, बीजगणिताला १२, फंक्शनला ८, त्रिकोणमितीला ७, घातांक आणि लॉगला ४, शाब्दिक उदाहरणांना ३, लिमिटला ४, फेरचाचणीला १.

लेखातल्या खुणा : चल क्ष, त्यातला छोटा बदल ह, फंक्शन फ(क्ष). ^ म्हणजे घात. एलएन म्हणजे ई पाया असलेला लॉग. पाय म्हणजे π.

## टप्पा १ : वर्ग नेमका कुठून सुरू होतो ते विचारून घ्या

सुट्टी लागण्याआधी शिक्षकांना चार प्रश्न विचारा. वर्ग लिमिटपासून सुरू होतो, की पहिला कॅल्क्युलस झालाय असं धरून पुढे जातो? सुट्टीचा गृहपाठ आहे का, आणि तो पहिल्या दिवशी तपासला जातो का? कॅल्क्युलेटर कोणता चालतो, आणि परीक्षेचा काही भाग त्याच्याशिवाय असतो का? पुस्तक कोणतं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळी आखणी ठरते. वर्ग लिमिटपासून सुरू होत असेल तर खालचे टप्पे जसेच्या तसे घ्या. डेरिव्हेटिव्ह आणि प्राथमिक इंटिग्रेशन (डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया) आधीच झालेलं हवं असेल, तर टप्पा २ ते ७ चार आठवड्यांत उरका आणि उरलेले चार आठवडे टप्पा ९ ला द्या.

सावध : सुट्टीचा गृहपाठ शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. त्यातले प्रश्न बहुधा याच विषयांचे असतात. ते त्या त्या टप्प्यात सोडवत गेलात तर वेगळा वेळ लागत नाही.

## टप्पा २ : चाचणी द्या आणि चुकांची वही सुरू करा

घड्याळ लावा. ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, पुस्तक बंद.

१. साधं रूप द्या : [१/(क्ष + ह) − १/क्ष] ÷ ह
२. अंशाचं परिमेयीकरण करा : (√(क्ष + ह) − √क्ष) ÷ ह
३. अवयव पाडा : क्ष³ − ८
४. सोडवा : (क्ष − ३)(क्ष + २)/(क्ष − १) ≥ ०
५. क्ष ही कोणतीही वास्तव संख्या असेल तर √(क्ष²) म्हणजे काय?
६. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष, तर फ(क्ष + ह) लिहा.
७. फ(क्ष) = √(क्ष − १), ग(क्ष) = क्ष² − ४, तर फ(ग(क्ष)) चं डोमेन (क्ष च्या चालणाऱ्या किमती) काय?
८. (२, ५) मधून जाणाऱ्या आणि चढ −३ असलेल्या रेषेचं समीकरण लिहा.
९. साइन(५पाय/६) आणि कोसाइन(७पाय/६) यांच्या किमती लिहा.
१०. ० ≤ क्ष < २पाय असताना सोडवा : २साइन²क्ष − साइन क्ष = ०
११. सोडवा : ई^(२क्ष) − ३ई^क्ष + २ = ०
१२. शंकूची उंची त्रिज्येच्या दुप्पट आहे. घनफळ फक्त उंचीच्या (उ) रूपात मांडा.

उत्तरं : (१) −१/[क्ष(क्ष + ह)]. (२) १/(√(क्ष + ह) + √क्ष). (३) (क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४). (४) −२ ≤ क्ष < १ किंवा क्ष ≥ ३. (५) क्ष चं केवल मूल्य, |क्ष|. (६) क्ष² + २क्षह + ह² − ३क्ष − ३ह. (७) क्ष ≤ −√५ किंवा क्ष ≥ √५. (८) य − ५ = −३(क्ष − २). (९) १/२ आणि −√३/२. (१०) ०, पाय, पाय/६, ५पाय/६. (११) ० आणि एलएन २. (१२) पाय × उ³/१२.

गुण देताना दयामाया नको. "येत होतं, फक्त चिन्ह चुकलं" हे चूकच धरा. कॅल्क्युलसमध्ये चिन्ह चुकलं की चढता आलेख उतरता होतो. १ ते ५ बीजगणिताचे, ६ ते ८ फंक्शन आणि रेषेचे, ९ आणि १० त्रिकोणमितीचे, ११ लॉगचा, १२ शाब्दिक उदाहरणाचा.

पहिल्या पाचांत पाचही बरोबर असतील तर बीजगणिताच्या बैठका निम्म्या करा. दोन किंवा कमी बरोबर असतील तर त्या १६ करा, आणि वाढीव चार लिमिटच्या टप्प्यातून घ्या. लिमिट वर्गात शिकवलं जाणारच आहे. अपूर्णांकांची बेरीज तिथे कुणी शिकवणार नाही.

आता वही. प्रत्येक चुकलेल्या गणिताला चार नोंदी : प्रश्न, नेमकी कुठली ओळ चुकली, का चुकली, आणि पुन्हा सोडवण्याच्या दोन तारखा, एक दोन दिवसांनंतरची आणि एक आठवड्यानंतरची. "का" या रकान्यात "निष्काळजीपणा" लिहायला बंदी. "वजा चिन्हानंतर कंस घातला नाही" असं लिहा. पंधरा-वीस नोंदी झाल्या की चूक दोन-तीनच प्रकारची आहे, तीच वेष बदलून येतेय, हे आपोआप दिसतं.

रोजच्या ५० मिनिटांची विभागणी : पहिली १० मिनिटं वहीतली जुनी गणितं, पुढची २५ नवीन गणितं, शेवटची १५ उत्तरं ताडून चुका नोंदवायला. शेवटची १५ मिनिटं सर्रास गाळली जातात. ती गाळायची असतील तर मधली २५ करून फारसा उपयोग नाही.

## टप्पा ३ : बीजगणित, १२ बैठका

अपूर्णांकात अपूर्णांक. चाचणीतला पहिला प्रश्न इथे सावकाश बघू, कारण डेरिव्हेटिव्हची व्याख्या हुबेहूब याच आकाराची असते.

पहिली पायरी, समान छेद : १/(क्ष + ह) − १/क्ष = [क्ष − (क्ष + ह)] / [क्ष(क्ष + ह)].

बहुतेकांची चूक याच ओळीत होते. अंशात (क्ष + ह) भोवती कंस न घालता क्ष − क्ष + ह लिहिलं जातं, आणि −ह ऐवजी +ह येतं. पुढच्या सगळ्या ओळी बिनचूक असूनही उत्तराचं चिन्ह उलटं. १/क्ष चा आलेख धन बाजूला उतरत जातो, आणि आपलं उत्तर सांगतं की तो चढतोय.

दुसरी पायरी, ह ने भागणं म्हणजे १/ह ने गुणणं : −ह/[क्ष(क्ष + ह)] × १/ह = −१/[क्ष(क्ष + ह)].

तपासणी : क्ष = २, ह = १ घाला. मूळ राशी : १/३ − १/२ = −१/६, भागिले १. उत्तर : −१/(२ × ३) = −१/६. जुळलं. साधं रूप देण्याच्या प्रत्येक गणितात एक संख्या घालून असं बघा. अर्धं मिनिट लागतं आणि उत्तरसूची उघडावी लागत नाही. फक्त ० आणि शक्यतो १ ही संख्या चलासाठी टाळा. त्या घातल्यावर चुकीची रूपंही कधीकधी बरोबर दिसतात.

खोडाखोडी. (क्ष² + ३)/क्ष यातला क्ष वरखाली खोडून क्ष + ३ लिहिणं ही सगळ्यांत चिवट चूक. खोडता येतात ते गुणलेले अवयव, बेरजेतली पदं नाहीत. बरोबर रूप : क्ष + ३/क्ष. याच घराण्यातल्या बाकीच्या : √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ नव्हे, (क्ष + ५)² म्हणजे क्ष² + २५ नव्हे, १/(क्ष + २) म्हणजे १/क्ष + १/२ नव्हे. क्ष = ४ घालून बघा, चारही कोसळतात.

ऋण आणि अपूर्णांकी घातांक. पॉवर रूल लावण्याआधी प्रत्येक करणी आणि प्रत्येक छेद घातांकात लिहावा लागतो. १/√क्ष = क्ष^(−१/२). ५/क्ष³ = ५क्ष^(−३). आणि इथला सापळा : १/(२क्ष) म्हणजे २क्ष^(−१) नाही, (१/२)क्ष^(−१). छेदातला २ छेदातच राहतो, घात फक्त क्ष चा बदलतो. अशी ३० रूपांतरं एका बैठकीत, दोन्ही दिशांनी.

अपूर्णांकी घातांकातून सामाईक अवयव काढणं. हे पुस्तकात कमी असतं आणि कॅल्क्युलसमध्ये सतत लागतं. पुढची राशी घ्या :

(क्ष + १)^(१/२) + (१/२)क्ष(क्ष + १)^(−१/२)

क्ष√(क्ष + १) चा डेरिव्हेटिव्ह काढल्यावर नेमकं हेच हातात येतं, आणि ते शून्य कधी होतं हे विचारलं जातं. लहान घात बाहेर काढायचा, म्हणजे −१/२ वाला. (क्ष + १)^(−१/२) बाहेर काढला की आत (क्ष + १) + क्ष/२ उरतं. एकत्र केलं की (३क्ष + २)/[२√(क्ष + १)]. आता अंश शून्य कधी, ते दिसतं : क्ष = −२/३. ऋण संख्या बघून "लहान" म्हणजे कोणता घात याचा गोंधळ होतो. −१/२ हा १/२ पेक्षा लहान, एवढं धरून चला. असे दहा प्रश्न तरी करा.

करणींचं परिमेयीकरण. छेदाचं परिमेयीकरण शाळेत घोटलेलं असतं. इथे बहुतेकदा अंशाचं करायचं असतं. युक्ती तीच, अनुबद्ध जोडीने (मधलं चिन्ह उलटवलेली तीच राशी) वर आणि खाली गुणायचं. एकच पथ्य : छेदातला गुणाकार उघडू नका, कंसातच ठेवा. अंशात ह उरतो, छेदातल्या ह बरोबर तो खोडायचा असतो, आणि छेद उघडून बसलात तर तो दिसेनासा होतो.

असमीकरणं. आलेख कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे शोधणं म्हणजे असमीकरण सोडवणं. रीत अशी : अंशाची आणि छेदाची शून्यं एका रेषेवर मांडा, प्रत्येक तुकड्यात एक संख्या घालून चिन्ह बघा. चाचणीतल्या चौथ्या प्रश्नात दोन्ही बाजूंना (क्ष − १) ने गुणू नका. तो धन की ऋण हे माहीत नसताना गुणलं तर चिन्ह उलटायचं की नाही हे ठरत नाही. छेदाचं शून्य उत्तरात कधीच धरायचं नाही, चिन्ह ≥ असलं तरी.

पुढे जाण्याआधी : वरच्या सगळ्या प्रकारांतली मिसळलेली १० गणितं, २० मिनिटं, ९ बरोबर. सलग दोन दिवस. एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने बरोबर येणं ही परीक्षा नाही. तिथे रीत आधीच माहीत असते, परीक्षेत ती ओळखावी लागते.

## टप्पा ४ : फंक्शन, ८ बैठका

फ(क्ष + ह) म्हणजे फ(क्ष) + ह नाही. क्ष च्या प्रत्येक जागी (क्ष + ह) कंसासकट घालायचं. आधी क्ष खोडून तिथे रिकामे कंस लिहा, ( )² − ३( ), मग ते भरा. बालिश वाटतं, पण चूक थांबते.

आत काय, बाहेर काय. चेन रूल ज्यांना येत नाही त्यांना बहुधा नियम पाठ असतो. फंक्शन कुठलं कुठल्याच्या आत बसलंय हेच दिसत नसतं. म्हणून फंक्शन उलगडण्याचा सराव आत्ताच करा. (३क्ष² + १)^५ मध्ये आत ३क्ष² + १, बाहेर पाचवा घात. साइन(क्ष²) मध्ये आत वर्ग, बाहेर साइन. साइन²क्ष मध्ये उलट, आत साइन आणि बाहेर वर्ग. या शेवटच्या दोहोंतला फरक क्षणात ओळखता आला पाहिजे. ओळखायची खूण : संख्या घालून कॅल्क्युलेटरवर किंमत काढताना सगळ्यांत शेवटी जी क्रिया कराल ती बाहेरची. रोज पाच, तोंडी, आठही दिवस. तीन थरांचीही घ्या : √(एलएन(क्ष² + १)).

बारा आलेख हातानं. क्ष, क्ष², क्ष³, √क्ष, |क्ष|, १/क्ष, १/क्ष², ई^क्ष, एलएन क्ष, साइन, कोसाइन, टॅन. प्रत्येकाचं डोमेन, अक्षांना कुठे छेदतो, टोकांना कुठे जातो. कोऱ्या कागदावर प्रत्येकी २० सेकंदांत काढता आला पाहिजे. मग सरकवणं. फ(क्ष + ३) डावीकडे सरकतो हे ठाऊक असतं. चूक होते फ(२क्ष − ६) मध्ये. तो ६ ने नाही, ३ ने उजवीकडे सरकतो, कारण आत २(क्ष − ३) आहे. पडताळा : √(२क्ष − ६) चा आलेख क्ष = ३ पासून सुरू होतो.

तुकड्यांची फंक्शनं. |क्ष − २| तुकड्यांत लिहा : क्ष ≥ २ असताना क्ष − २, क्ष < २ असताना २ − क्ष. पुढे सातत्य आणि डेरिव्हेटिव्ह नसलेले बिंदू शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर येतं.

छिद्र की भिंत? (क्ष² − ४)/(क्ष − २) मध्ये छेद २ ला शून्य होतो, पण आलेखाला भिंत नसते. अवयव खोडला जातो, क्ष + २ ही सरळ रेषा उरते आणि (२, ४) ला छिद्र राहतं. खोडला न जाणारा अवयव उभी अनंतस्पर्शी रेषा देतो, म्हणजे भिंत. दोन्ही प्रकारची दहा उदाहरणं पुरेत.

सरासरी बदलाचा दर, [फ(ब) − फ(अ)]/(ब − अ), कोष्टकावरून, आलेखावरून आणि सूत्रावरून, तिन्हीकडून काढता आला पाहिजे. रेषेचं समीकरण बिंदू आणि चढ यांच्या रूपातच लिहायची सवय लावा. य = मक्ष + क या रूपात आणण्यात वेळ जातो आणि नवी चूक घुसते.

## टप्पा ५ : त्रिकोणमिती, ७ बैठका

पहिल्याच दिवशी कॅल्क्युलेटर रेडियनवर टाका आणि तिथेच राहू द्या.

का, ते स्वतः बघा. रेडियनमध्ये साइन(०.१) ÷ ०.१ काढा, ०.९९८ येतं. ०.०१ घेतलं तर १ च्या आणखी जवळ. आता डिग्रीवर टाकून तेच करा, ०.०१७४५ येतं, म्हणजे पाय/१८०. साइनचा डेरिव्हेटिव्ह निव्वळ कोसाइन येतो तो रेडियनमुळे. डिग्रीत प्रत्येक पायरीला पाय/१८० चं शेपूट चिकटतं.

एकक वर्तुळ. सोळाच्या सोळा बिंदू पाठ करू नका. पहिल्या चरणातले ०, पाय/६, पाय/४, पाय/३, पाय/२ एवढे पक्के करा, बाकीचे आरशातल्यासारखे : आडव्या अक्षाशी होणारा कोन बघा, किंमत पहिल्या चरणातून घ्या, चिन्ह चरणावरून लावा. ७पाय/६ चा आडव्या अक्षाशी कोन पाय/६, चरण तिसरा, म्हणून कोसाइन −√३/२. लक्ष्य : कोरं वर्तुळ, सोळा बिंदू, दोन मिनिटं.

नित्यसमीकरणं. लांबलचक यादी नको. साइन² + कोसाइन² = १. तिला कोसाइन² ने भागून १ + टॅन² = सेक². साइन २क्ष. कोसाइन २क्ष तिन्ही रूपांत. आणि त्यातून निघणारं साइन²क्ष = (१ − कोसाइन २क्ष)/२, कारण इंटिग्रेशनमध्ये साइन² चं काही करायचं झालं तर हेच हत्यार. बाकीची गरज पडली की शोधा.

समीकरणं सोडवताना. चाचणीतला दहावा प्रश्न बहुतेक जण साइन क्ष ने भागून मोकळे होतात. ० आणि पाय ही दोन उत्तरं तिथेच गेली. चल असलेल्या राशीने भागू नका, सामाईक काढा : साइन क्ष(२साइन क्ष − १) = ०.

सावध : साइन⁻¹क्ष म्हणजे १/साइन क्ष नाही, ते उलट फंक्शन आहे. साइन²क्ष मधला २ घात असतो आणि साइन⁻¹क्ष मधला −१ नसतो. ही लिहिण्याची पद्धतच गैरसोयीची आहे. त्याऐवजी आर्कसाइन लिहिलेलं बरं. आर्कसाइनची उत्तरं −पाय/२ ते पाय/२, आर्ककोसाइनची ० ते पाय, आर्कटॅनची −पाय/२ ते पाय/२, टोकं सोडून.

## टप्पा ६ : घातांक आणि लॉग, ४ बैठका

नियम तीनच आहेत, चुका मात्र भरपूर. एलएन(अ + ब) चं काहीही होत नाही, तसंच ठेवा. एलएन अ ÷ एलएन ब म्हणजे एलएन अ − एलएन ब नव्हे. (एलएन क्ष)² आणि एलएन(क्ष²) वेगळे. आणि एलएन(क्ष²) = २ एलएन|क्ष|, केवल मूल्यासकट.

उत्तर आल्यावर डोमेन तपासा. एलएन क्ष + एलएन(क्ष − ३) = एलएन ४ यातून क्ष² − ३क्ष − ४ = ० येतं, म्हणजे ४ आणि −१. ऋण संख्येचा लॉग नाही, −१ बाद.

२^क्ष = ई^(क्ष एलएन २) हे रूपांतर दोन्ही बाजूंनी दहा वेळा लिहा. ई^(२क्ष) दिसलं की ते (ई^क्ष)² आहे हे ओळखा, चाचणीतला अकरावा प्रश्न लगेच वर्गसमीकरण होतो.

## टप्पा ७ : शब्दांतून फंक्शन, ३ बैठका

कॅल्क्युलसची शाब्दिक उदाहरणं कॅल्क्युलसच्या आधीच फसतात, मांडणीत. म्हणून इथे फक्त मांडणी करा, सोडवू नका.

३० × २० सेंमीच्या पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापून खोकं करायचं. घनफळ क्ष(३० − २क्ष)(२० − २क्ष). इथवर सगळे येतात. क्ष कुठून कुठवर, हे लिहायचं राहतं : ० ते १०, १५ नाही, कारण २० ची बाजू आधी संपते.

दुसरं : शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली, उंची १२, वरची त्रिज्या ४. पाण्याची उंची उ असताना घनफळ? नेहमीची चूक म्हणजे सूत्रात त्रिज्या ४ घालणं. ४ टाकीची त्रिज्या आहे, पाण्याची नाही. समरूप त्रिकोणावरून पाण्याची त्रिज्या उ/३, घनफळ पाय × उ³/२७.

तपासणी : उ = १२ घाला. पाय × १७२८/२७ = ६४पाय. पूर्ण टाकी : (१/३) × पाय × १६ × १२ = ६४पाय. जुळलं.

गोल, शंकू आणि वृत्तचिती यांची सूत्रं, पायथागोरस आणि समरूप त्रिकोण पुरेत. आकृती काढल्याशिवाय एकही उदाहरण करू नका. आकृतीत बदलणाऱ्या लांबीला अक्षर द्या आणि न बदलणारीलाच संख्या.

## टप्पा ८ : लिमिट, ४ बैठका

आता कॅल्क्युलस. (√(क्ष + ४) − २)/क्ष घ्या, क्ष शून्याकडे. शून्य घातलं तर ०/०. याचा अर्थ उत्तर शून्य नाही, एक नाही, "अस्तित्वात नाही" असंही नाही. याचा अर्थ "अजून काम बाकी".

आधी कोष्टक : क्ष = ०.१ ला ०.२४८५, ०.०१ ला ०.२४९८, −०.१ ला ०.२५१६. दोन्ही बाजूंनी ०.२५ कडे. मग बीजगणित : अनुबद्ध जोडीने गुणलं की क्ष खोडला जातो, १/(√(क्ष + ४) + २) उरतं, आता शून्य घाला, १/४. मग आलेख काढून शून्याजवळ बघा. प्रत्येक लिमिट या तिन्ही वाटांनी करा, पहिली दहा तरी.

सावध : किंमत घालेपर्यंत प्रत्येक ओळीत लिमिटची खूण लिहा, घातल्यावर लिहू नका. ही खूण गाळल्यावर गुण कापले जातात.

शेवटच्या दोन बैठकांत व्याख्येवरून तीनच डेरिव्हेटिव्ह काढा : क्ष², १/क्ष, √क्ष. शेवटच्या दोहोंचं बीजगणित चाचणीच्या पहिल्या दोन प्रश्नांतच झालेलं आहे, फक्त ह शून्याकडे न्यायचा राहिला. −१/क्ष² आणि १/(२√क्ष) मिळतील. इथे थांबा. नियमांची यादी वर्गावर सोडा.

## टप्पा ९ : ज्यांचा वर्ग दुसऱ्या पातळीपासून सुरू होतो

हा टप्पा फक्त त्यांच्यासाठी. आठवडा पहिला : डेरिव्हेटिव्हचे सगळे नियम, रोज १५ मिसळलेले प्रश्न. आठवडा दुसरा : सब्स्टिट्यूशनने इंटिग्रेशन. इथे मर्यादा बदलायच्या विसरणं हीच मुख्य चूक. आठवडा तिसरा : भूमिती श्रेढी, सिग्मा चिन्ह, अनंत बेरीज अ/(१ − र) (अ पहिलं पद, र गुणोत्तर) आणि ती |र| < १ असतानाच चालते ही अट. आठवडा चौथा : आंशिक अपूर्णांक, उदाहरणार्थ १/(क्ष² − १) = (१/२)[१/(क्ष − १) − १/(क्ष + १)], आणि प्राचल समीकरणं व ध्रुवीय सहनिर्देशक यांची तोंडओळख.

## टप्पा १० : फेरचाचणी

वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तीच चाचणी, संख्या बदलून, या वेळी ३० मिनिटांत. पहिल्या प्रश्नात १/क्ष ऐवजी १/क्ष² घ्या, तिसऱ्यात क्ष³ + २७, दहाव्यात कोसाइन. दहा किंवा जास्त बरोबर आले तर उरलेल्या दिवसांत फक्त चुकांची वही चाळा. कमी आले तर ज्या टप्प्याचे प्रश्न चुकले तोच पुन्हा घ्या. सगळं पहिल्यापासून सुरू करू नका, आठवडा पुरणार नाही.

व्हिडिओ बघत असाल तर एक पथ्य पाळा. बघून झाला की बंद करा, आणि त्यातलंच गणित कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून सोडवा. अडलात तर ती ओळ चुकांच्या वहीत. दुसऱ्याचं गणित सुटताना बघून आपल्याला येतंय असं वाटतं, ते किती खरं हे कागदच सांगतो.

पहिल्या दिवशी दप्तरात चुकांची वही, पूर्ण केलेला गृहपाठ आणि रेडियनवर टाकलेला कॅल्क्युलेटर असू द्या. बॅटरी बदलली की काही कॅल्क्युलेटर पुन्हा डिग्रीवर जातात, तेव्हा पेपराला बसण्याआधी साइन(पाय/२) दाबून १ येतंय ना ते बघा.